स्लीपिंग डॉग्ज: मार का बसतो, गाडी का आपटते आणि पोलिसांचे गुण का गळतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: "व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास शाळेपासून कोळून प्यायलोय. सेलमध्ये स्लीपिंग डॉग्ज घेतला. पाच-सहा जण एकदम अंगावर आले की मी मरतो. पाठलागात गाडी कुठेतरी आपटतेच. मिशन संपलं की पोलिसांचे गुण निम्मे गेलेले असतात. अपग्रेड तर काहीच उघडत नाहीयेत. गेम अवघड आहे की माझंच काही चुकतंय? सोडून देऊ का?"

सोडू नकोस. तू चार तक्रारी लिहिल्यास, पण दुखणं एकच आहे. स्लीपिंग डॉग्ज घडतो हाँगकाँगमध्ये, आणि तू तिथे बसून लॉस सँटोस, म्हणजे सॅन अँड्रियासमधलं शहर, खेळतोयस.

मी कोण सांगणारा, तर सांगलीत आठेक वर्षं माझं गेम पार्लर होतं. तासाला वीस रुपये, पुढे तीस. हा गेम मी स्वतः तीनदा संपवलाय, पण त्याहून जास्त वेळ पोरांच्या पाठीमागे उभा राहून त्यांचे अंगठे बघण्यात गेलाय. स्क्रीनकडे बघून कळत नाही ते अंगठ्याकडे बघून कळतं. सॅन अँड्रियासमध्ये मुरलेला पोरगा या गेममध्ये नवख्या पोरापेक्षा जास्त मार खायचा, हे मी इतक्यांदा पाहिलंय की नंतर नंतर मला त्याची गंमत वाटायची.

आधी काही गोष्टी तुझ्यावर अवलंबून आहेत त्या सांगून टाकतो. तू कीबोर्डवर खेळतोयस की कंट्रोलरवर, हे लिहिलं नाहीस. कीबोर्डवर गेम नीट खेळता येतो, मारामारी तर माउसवर छानच होते, पण गाडीचं काम कंट्रोलरवर फार सोपं जातं, कारण तिथे स्टिअरिंग थोडंसंच वळवता येतं. दुसरं, २०१२ चा मूळ गेम घेतलास की २०१४ ची डेफिनिटिव्ह एडिशन? नव्या आवृत्तीत जादाचे कपडे, गाड्या आणि बरंच सामान सुरुवातीलाच पदरात पडतं, त्यामुळे पैशाची चणचण वाटत नाही. तिसरं, किती पुढे गेलायस? पहिल्या तीन-चार तासांत असशील तर अपग्रेड रिकामे दिसणं साहजिक आहे. दहा तास झाले असतील आणि तरी रिकामेच असतील, तर मात्र खाली जे लिहितोय ते नीट वाच.

मारामारीपासून सुरू करतो, कारण गेमचा जीव तिथे आहे.

जीटीएमध्ये, म्हणजे व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियासच्या मालिकेत, हात म्हणजे बंदूक मिळेपर्यंतची वेळकाढू सोय. इथे उलटं. आपला वेई शेन हा त्रिआड टोळीत घुसवलेला पोलीस, सॅन फ्रान्सिस्कोहून परत हाँगकाँगला आलेला, आणि त्याची सगळी कमाई हातापायांत. बंदूक गेममध्ये येते, पण पाहुण्यासारखी. गोळ्या संपल्या की टाकून द्यायची आणि पुन्हा बाह्या सरसावायच्या. त्यामुळे "चांगलं हत्यार मिळेपर्यंत कसंतरी रेटू" हा तुझा हिशेब इथे बसतच नाही.

माझ्याकडे अकरावीतला एक पोरगा यायचा. मारायचं बटण, म्हणजे एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर एक्स, तो असं ठोकायचा की त्या कंट्रोलरचं बटण शेवटी आत बसलं ते बसलंच. चौघांच्या घोळक्यात शिरायचा, एकाला धरून बडव बडव बडवायचा, आणि बाकीचे तिघे त्याला मागून बडवायचे. एकदा मी त्याला म्हटलं, या मारामारीत एक्सला हात लावायचा नाही, नुसतं वाय. वाय म्हणजे परतवायचं बटण. समोरचा गुंड मारायला हात उचलतो तेव्हा त्याच्या अंगाभोवती क्षणभर लाल चमक येते. त्या लाल क्षणी वाय दाबलं की वेई त्याचा हात अडवून उलट हाणतो. पोरगा आधी वैतागला, दोनदा मेलासुद्धा. तिसऱ्या खेपेला त्याने चार जण नुसते परतवून परतवून आडवे केले आणि खुर्चीत असा बसला की जणू आत्ताच शाळा सुटली.

तूही हेच कर. एक अख्खी मारामारी फक्त परतवत खेळ. मात्र आता वाय ठोकत बसू नकोस, ते एक्स ठोकण्याइतकंच वाईट. लाल दिसल्याशिवाय दाबलंस की वेई उघडा पडतो आणि पुढचा फटका तोंडावर येतो. डोळा लाल रंगावर ठेवायचा आणि अंगठा नुसता टेकवून ठेवायचा. कबड्डीत चढाईला गेलेला खेळाडू समोरच्याच्या पायांकडे बघत असतो ना, तसं.

यात एक मेख आहे. लाल चमक दिसायला माणूस स्क्रीनवर असावा लागतो. बहुतेक लोक मरतात ते पाठीमागच्या, म्हणजे कॅमेऱ्याबाहेरच्या माणसामुळे. म्हणून मारामारी सुरू झाली की पहिलं काम मागे सरकायचं. भिंत किंवा दुकानाची कड पाठीशी घे आणि सगळे एका चौकटीत दिसतील असं उभं राहा. घोळक्याच्या मध्ये उभं राहणं सिनेमातल्या हिरोला शोभतं.

मग येतो कुणाला काय चालतं हा मुद्दा. सगळे गुंड एका मापाचे नाहीत आणि गेम हे तुला ओरडून सांगत नाही. साधे भुरटे कशानेही पडतात. काही चपळ असतात, तुझे ठोसे अडवतात आणि उलट मारतात. त्यांच्यावर एक्स वाया जातो, त्यांना बी दाबून पकडायचं किंवा त्यांनी मारायची वाट बघून परतवायचं. आणि काही धिप्पाड असतात, त्यांना पकडायला गेलास की तेच तुला पकडून आपटतात. त्यांना ठोसे-लाथाच लागतात. तू लिहिलंयस त्यावरून वाटतं की चपळांना ठोसे आणि धिप्पाडांना पकड, असा उलटा कारभार चाललाय. सगळ्यांचंच होतं, कारण मोठा माणूस दिसला की पकडून पाडावं असं मनात येतं.

पकडीबद्दल अजून थोडं लिहितो, कारण माझ्या मते हा गेम खरा इथे कळतो. एखाद्याला धरलंस की आजूबाजूच्या काही वस्तू लाल दिसू लागतात: टेलिफोनचा डबा, कचऱ्याची पेटी, माशांची टाकी, पंखा, भट्टी. धरलेल्या माणसाला तिकडे ओढत नेऊन बटण दाबलं की एका झटक्यात त्याचा विषय संपतो. बघायला भयंकर असतं. घरात लहान पोरं असतील तर हा गेम रात्रीच खेळ, मी पार्लरमध्ये नववीच्या आतल्या कुणालाही हात लावू दिला नाही. पण डावपेच म्हणून बघितलं तर एका माणसावरचे आठ-दहा ठोसे वाचतात, आणि असलं काही बघून बाकीचे क्षणभर बिचकतात. तो क्षण तुला हवा असतो. म्हणून खोलीत शिरताना मी आधी माणसं मोजत नाही, लाल होऊ शकतील अशा वस्तू कुठे आहेत ते बघून ठेवतो.

त्याचाच दुसरा फायदा गुणांत होतो. त्रिआडचे गुण तुझ्या मारण्यातल्या वैविध्यावर आणि असल्या दहशतीच्या कामावर वाढतात. तेच तीन ठोसे पुन्हा पुन्हा मारून माणसं पडतील, पण गुण पडणार नाहीत. थोडं ठोसे, थोडं परतवणं, एखादा दाबून धरलेल्या एक्सचा जड फटका, मग एकाला उचलून माशांच्या टाकीत. असं मिसळत राहिलं की 'फेस'चं, म्हणजे इज्जतीचं, मीटरही भरतं. हे मीटर मारामारीपुरतं असतं. ते भरलं की काही वेळ तब्येत आपोआप भरून येते आणि समोरचे घाबरतात. पाच-सहा जणांच्या मारामारीत जगण्याचा रस्ता हाच आहे. मधेच मीटर भरेल अशी मारामारी करायची, औषधाच्या आशेवर राहायचं नाही.

औषधावरून आठवलं, खाऊन जात जा. रस्त्यावर वाफाळता पोर्क बन विकणारा ओरडत असतो, त्याच्याकडून एक बन घेतलास तर पुढचा काही वेळ तब्येत हळूहळू भरत राहते. एनर्जी ड्रिंकने ठोसा जड होतो, चहाने मार कमी लागतो. मोठ्या मिशनआधी दोन मिनिटं नॉर्थ पॉइंटच्या रात्रबाजारात चक्कर मारायची. पोरांना हे कधी पटलं नाही, "काका, गेममध्ये कोण जेवतं?" असं म्हणायची. मरायचीही तीच.

आता गाडी. इथे तुझी चूक मला लगेच दिसली, कारण माझीही तीच झाली होती.

व्हाइस सिटी, लॉस सँटोस ही अमेरिकेची रूपं. तिथे रहदारी उजवीकडून चालते. तू पंधरा वर्षं उजवीकडून गाडी हाणून हात तयार केलास. हाँगकाँगवर १९९७ पर्यंत इंग्रजांचा अंमल होता, त्यामुळे तिथे आजही रहदारी डावीकडून चालते, गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे, अगदी आपल्यासारखं. गेममध्येही तसंच आहे. रस्त्यावर स्कूटर डावीकडून चालवणारा तू, गेम लावला की अंगात अमेरिका संचारते आणि वळणावर समोरच्या गाड्यांच्या तोंडात जातोस. पहिल्या खेळात मी सेंट्रलच्या उड्डाणपुलावर तीन टॅक्स्यांना लागोपाठ समोरून भिडलो होतो आणि गेमच्या नावाने बोटं मोडत होतो. मग लक्षात आलं की चुकीच्या बाजूला मीच आहे. एक संध्याकाळ मिशन न घेता नुसता भटक. नॉर्थ पॉइंटवरून सेंट्रल, केनेडी टाउन, अॅबर्डीन, डावी बाजू धरून. हात आपोआप बदलतो, आणि हाँगकाँग पावसात दिसतंही फार देखणं.

गाडीची वागणूकही जीटीएसारखी नाही. हा गेम बनवणाऱ्या युनायटेड फ्रंट गेम्स या व्हँकुव्हरच्या कंपनीने त्याआधी २०१० मध्ये मॉडनेशन रेसर्स नावाचा कार्टिंगचा गेम काढला होता, आणि तो स्वभाव इथे उतरलाय असं मला वाटतं. गाडी जमिनीला चिकटून पळते, वळताना घसरवावी लागते, वजन फारसं जाणवत नाही. सॅन अँड्रियासमध्ये वळणाआधी लांबून ब्रेक मारायची सवय असते. इथे थोडा वेग कमी करून हँडब्रेकचा नुसता टिचका द्यायचा आणि लगेच सोडायचा. हँडब्रेक धरून ठेवलास की गाडी गोल फिरते. तुझ्या 'आपटते'मधला अर्धा भाग हाच असणार.

पाठलागात समोरच्याला गाठून आपटायचं असेल तर नुसती धडक देऊ नकोस. बाजूला आलास की त्याच्या दिशेने स्टिअरिंग करून एक्स दाब, गाडी आडवी उडी मारल्यासारखी त्याला भिडते. दोन-तीन ठोकरींत त्याचं काम होतं आणि तुझी गाडी शाबूत राहते. पोलीस मागे लागले तरी हेच. गाडीतून गोळीबार असेल तर नेम धरल्यावर वेळ मंदावते. तेव्हा माणसावर गोळ्या उधळू नकोस, टायरवर दे. टायर फुटलं की गाडी उलटते. चालत्या गाडीतून दुसऱ्या चालत्या गाडीवर उडी मारून ती पळवायची सोयही आहे, त्यासाठी मागून सरळ रेषेत जवळ जायचं, खूण दिसली की उडी. वळणावर हा प्रयत्न करायचा नाही, रस्त्यावर लोळशील.

मोटारसायकलवर मतभेद आहेत. मला आवडते, अरुंद गल्लीत सापासारखी निघते. पण एक धडक आणि तू जमिनीवर. पोलिसांचे गुण सांभाळायचे असतील तर पहिले काही दिवस चारचाकीच बरी.

आणि आता त्या गुणांबद्दल, कारण तुझे अपग्रेड इथेच अडकलेत.

मिशनमध्ये दोन वेगळे हिशेब एकाच वेळी चालतात आणि ते उलट्या दिशांना चालतात. त्रिआडचे गुण शून्यापासून सुरू होतात आणि तुझ्या मारामारीने वर चढतात. पोलिसांचे गुण भरलेले असतात आणि तू चुकलास की खाली येतात. वाटसरूला धक्का, लोकांच्या मालाची नासधूस, फुटपाथवरचं कठडं, दुसऱ्याची गाडी चेपणं, प्रत्येकाला कात्री. म्हणजे एका खात्यात कमवायचं असतं, दुसऱ्यात फक्त राखायचं असतं. वेई शेन नावालाच गुंड आहे, खात्याच्या दृष्टीने तो ड्युटीवर आहे.

तू जीटीएच्या सवयीने फुटपाथवरून शॉर्टकट मारतोस. तिथे त्याची किंमत पोलीस मागे लागल्याचा एखादा तारा. इथे त्याची किंमत तीन मिशनांनंतर कळते, जेव्हा पोलिसांच्या झाडावर, म्हणजे त्या गुणांनी उघडणाऱ्या अपग्रेडच्या तक्त्यावर, काहीच उघडलेलं नसतं. मी रात्रबाजारातल्या एका पाठलागात लोकांना ढकलत धावलो, माणूस पकडला, खूश झालो, आणि शेवटी गुणांची पाटी बघितली तर पोलिसांकडून जवळजवळ भोपळा. पुन्हा खेळलो तेव्हा पळायचं बटण अडथळ्याच्या अगदी तोंडाशी दाबत गेलो. त्याने वेई टेबलावरून सफाईने उडी मारतो. त्याच रस्त्यात वेळही वाचला आणि गुणही. हो, खेळलेलं मिशन मेनूतून पुन्हा खेळता येतं, त्यामुळे मागचे गुण कायमचे गेले असं समजू नकोस.

गुणांचं ढोबळ गणित तुला कळलं असेल: गाडीवर आणि रस्त्यावर असशील तेव्हा हात आखडता, बंद खोलीत गुंडांसमोर असशील तेव्हा सैल. दोन्हीकडे सारखाच धसमुसळेपणा केलास की एक खातं बुडणार.

आता चढायच्या वाटा. झाडं दोन, पण शक्ती वाढवायची साधनं पाच आहेत, आणि गंमत म्हणजे सगळ्यात उपयोगी दोन साधनांचा मिशनच्या गुणांशी संबंधच नाही.

पहिलं, जेडच्या मूर्ती. चिनी राशीचक्राच्या बारा प्राण्यांच्या बारा मूर्ती शहरात विखुरल्यात. एकेक आणून आपल्या गुरूला, म्हणजे सिफूला, त्याच्या आखाड्यात दिली की तो एक नवी चाल शिकवतो. नवी चाल म्हणजे समोरच्याला गप्प करायचा नवा मार्ग, आणि वर लिहिलेलं वैविध्यही आपोआप येतं. मिशनांच्या मागे धावण्याआधी निदान चार-पाच मूर्ती आण. दुसरं, रस्त्याकडेची छोटी देवळं. एकूण पन्नास आहेत, दर पाच देवळांमागे तब्येत वाढते. अमांडा नावाच्या मुलीबरोबरची भेट पार पाडलीस की ही देवळं नकाशावर दिसू लागतात. तिला आवाज एमा स्टोनचा आहे, आणि तरी तिची भूमिका एवढीशीच, याचं मला आजही वाईट वाटतं.

तिसरं त्रिआडचं झाड, चौथं पोलिसांचं. पोलिसांच्या झाडात गाडीचं कुलूप गुपचूप उघडण्याची युक्ती लवकर घे, नाहीतर गाडी चोरली की अलार्म वाजतो. पोलिसांचे गुण मुख्य मिशनबाहेर मिळवायचे असतील तर अमली पदार्थांचे अड्डे सोडू नकोस. आधी अड्ड्यावरच्या गुंडांना झोपवायचं, मग तिथला कॅमेरा हॅक करायचा. चार अंकी कोड ओळखायचा असतो, कुठला अंक बरोबर आणि कुठला जागा चुकलेला ते रंगावरून कळतं. शाळेत मागच्या बाकावर वहीत आकडे ओळखायचा खेळ खेळला असशील तर मिनिटाचं काम. मग घरी जाऊन टीव्हीवर तो कॅमेरा बघायचा आणि पुरवठादाराला पकडून द्यायचं. मारामारीचा सराव, पोलिसांचे गुण, आणि मेलास तरी मिशन बिघडत नाही. तुझ्यासारख्या अडकलेल्याला याहून चांगला आखाडा नाही.

पाचवं फेसची पातळी, ही मारामारीतल्या मीटरहून वेगळी, दहापर्यंत जाते. लोकांची छोटी कामं करून वाढते. तिच्यावर कपडे आणि गाड्या अडलेल्या असतात. यासाठी मुद्दाम वेळ घालवू नकोस, वाटेत पडेल तेवढं कर. कोंबड्यांच्या झुंजी आणि माहजाँगच्या डावांत पैसे कमवत बसणाऱ्यांबद्दलही हेच. पैसा या गेममध्ये सहसा कमी पडत नाही.

थोडक्यात क्रम लावून द्यायचा तर: एक संध्याकाळ डावीकडून गाडी, मग एक मारामारी नुसती परतवत, मग चार मूर्ती, मग अमांडा आणि देवळं, मग दोन-तीन अड्डे. त्यानंतर अडलेल्या मिशनला हात घाल. एवढं करूनही पाच-सहा जणांत मरत असशील तर कुठल्या मिशनला आणि कशावर खेळतोयस ते लिही. आणि तेव्हा पाठीशी भिंत होती की नाही, हेही आठवून लिही. माझा अंदाज आहे, नव्हती.